पिवळ्या वायरचं दुसरं टोक

मी बोलतोय. आवाज शोधू नका, मला आवाज नाही. मी नेटवर्कचा स्विच आहे, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा, हाताच्या पंजाएवढा एक काळा पत्र्याचा डबा. सध्या मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. पिशवीचं तोंड उघडं राहिलंय, त्यामुळे समोरची सगळी खोली दिसते. न दिसती तर बरं झालं असतं.

टाकून दिलेल्या वस्तू आपली कहाणी सांगतात तेव्हा त्यांच्यापाशी वेळच वेळ असतो. गंजत पडायचं आणि आठवत बसायचं. माझ्यापाशी तेवढा वेळ नाही. समोरच्या टेबलाखाली एक पिवळी वायर आज वेटोळ्यातून सुटून लोंबतेय. तिचं एक टोक माझ्या जागी बसवलेल्या नव्या डब्यात आहे आणि दुसरं मोकळं आहे. अक्का हातात फडकं घेऊन खिडकीपासून पुसत निघाल्या आहेत. त्या टेबलापाशी पोचल्या की त्यांना ते टोक दिसेल आणि त्या ते उचलून नव्या डब्याच्या रिकाम्या खाचेत बसवतील. तसं झालं तर एका माणसाचा श्वास अडकेल. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण एकदा तसं झालंय आणि तेव्हा त्या जागी मी होतो.

अक्का खिडकीची जाळी फार मन लावून पुसतात. तेवढ्यात सांगून होतंय का बघतो.

जन्माचं थोडक्यात उरकतो. कारखान्यात एका लांबलचक पट्ट्यावरून माझ्यासारखे डबे एकामागून एक सरकत होते. शेवटी एक बाई बसलेली होती. ती प्रत्येकाच्या प्रत्येक खाचेत वायर घालून बघायची, दिवा लागला की मान हलवायची आणि पुढे ढकलायची. माझे सगळे दिवे लागले. तिने मान हलवली. मग खोका, अंधार, ट्रक आणि एका दुकानातली फळी.

दुकानात आमच्या वरच्या फळीवर बड्या घरचे स्विच होते. त्यांतल्या एकाने मला एकदा चांगलं सुनावलं होतं. ‘आमच्यात कुणी चुकीची वायर घातली ना, तर आम्ही ते दार आपणहून लावून घेतो. तुला तेवढी अक्कल दिलेली नाही.’ मला राग आला होता. श्रीमंतांचा तोरा, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. तो खरं बोलत होता.

मला विकत घेतलं ते एका नेटवर्कवाल्याने, आणि आणलं ते या ऑफिसात. ऑफिस कसलं, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. श्वासाच्या आजाराने घरी पडून असलेल्या माणसांना इथून ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवतात. पुढच्या खोलीत फोन आणि अक्का. मागच्या खोलीत मालक, म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. सिलिंडर मात्र इथे नाहीत. ते खाली, मागचं अंगण ओलांडून गेलं की गोदामात, पैलवानाच्या ताब्यात. गोदाम सांभाळणाराही तोच आणि गाडी घेऊन जाणाराही तोच. भरलेला सिलिंडर तो असा लीलया उचलतो की बघणाऱ्याच्याच कमरेत कळ यावी.

मी येण्याआधी इथे ओरडायची पद्धत होती म्हणे. फोन आला की अक्का नाव-पत्ता ऐकून घ्यायच्या, मागच्या गॅलरीत जायच्या आणि अंगणावरून हाक मारायच्या, ‘पैलवान! बँडमास्तरांकडे एक, मोठा!’ खालून उत्तर यायचं, ‘हो अक्का! एक मोठा, बँडमास्तर!’ ते उत्तर आल्याशिवाय अक्का कठड्यापासून हलायच्या नाहीत. मग परत फोनपाशी येऊन त्या एकच शब्द सांगायच्या, ‘निघालंय.’ पलीकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडायचा.

मालकांना या ओरडण्याची लाज वाटायची. ‘अक्का, आपण काय भाजी विकतोय का? लोक हसतात,’ ते म्हणायचे. त्यात खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाईंनी दोनदा तक्रार केली. मोबाईलचा उपाय होता, पण सिलिंडरांपाशी मोबाईल न्यायचा नाही असा मालकांचाच नियम, आणि ते स्वतःचा नियम मोडणाऱ्यांतले नव्हेत. म्हणून ठरलं की वर एक कॉम्प्युटर, मागे एक, खाली गोदामात एक, आणि तिघांना जोडायला मी.

नेटवर्कवाला माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. एका ऑफिसात काम करताना त्याला दुसऱ्या ऑफिसातून फोन यायचा आणि तो सगळ्यांना सांगायचा, ‘पोचलोच.’ पण हात सफाईचा. त्याने भिंतीला भोक पाडलं, सगळीकडे धूळ उडवली, अक्कांची बोलणी खाल्ली, पट्टी ठोकून वायरी आत दडवल्या. मग जमिनीवर मांडी घालून एकेका वायरचं टोक सोललं. आत आठ बारीक रंगीत तारा, जोडीजोडीने पीळ घातलेल्या. त्याने पीळ सोडवले, तारा ठरलेल्या क्रमाने शेजारी शेजारी लावल्या, चिमटीत धरून सरळ केल्या, टोकं कातरली, जॅकमध्ये सारली आणि पकडीने कचकन दाबलं. ते बघताना मला फार बरं वाटलं होतं. आपल्यासाठी कुणीतरी इतकं नीट काही करतंय असं वाटलं.

निळी वायर अक्कांच्या कॉम्प्युटरला गेली, राखाडी मालकांच्या. जाड काळी वायर पाइपातून अंगणावरून गोदामात गेली. थोडी पिवळी वायर उरली होती. तिलाही त्याने दोन्हीकडे जॅक लावले, एक टोक माझ्यात बसवलं आणि बाकीचं वेटोळं करून टेबलाखाली सोडून दिलं.

‘हे काय लोंबतंय?’ अक्कांनी विचारलं.

‘राहू द्या अक्का. पुढे टेबल वाढलं तर कामाला येईल,’ तो म्हणाला, आणि फोन वाजला तसा ‘पोचलोच’ म्हणत जिना उतरला. त्याने एवढंच म्हणायला हवं होतं की, हे टोक कशातही घालू नका. पण ज्याला एखादी गोष्ट कधी सुचणारच नाही, तो ती दुसऱ्याला कशी सांगणार?

अक्का खिडकीपासून निघाल्या. आता कॅलेंडर. कॅलेंडरच्या मागची भिंतसुद्धा पुसतात त्या.

त्या पहिल्या दिवसांत मी सुखात होतो, हे कबूल करतो. अक्का दोन बोटांनी टाइप करायच्या. नाव, पत्ता, लहान की मोठा. शेवटचं बटण दाबलं की मागणी माझ्याकडे यायची आणि मी ती काळ्या वायरने खाली धाडायचो. गोदामातल्या पडद्यावर ती उमटायची, पैलवान ‘हां’ म्हणायचा आणि सिलिंडरचा खणखणाट ऐकू यायचा. वर अक्कांच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, पाठवले. अक्का फोनमध्ये सांगायच्या, ‘निघालंय.’

शब्द तोच राहिला. फरक एवढाच की आधी त्या पैलवानाचं उत्तर ऐकून तो बोलायच्या आणि आता हिरवी अक्षरं बघून बोलू लागल्या.

अक्कांचा माझ्यावर जीव जडला. माझे दिवे लुकलुकतात म्हणून त्यांनी मला लुकलुक्या नाव ठेवलं. रोज दुपारी फोन थंडावले की त्या खोली पुसायला घेतात, त्यात माझाही नंबर लागायचा. फडकं जरा ओलं असायचं, मी घाबरायचो, पण प्रेमापुढे कोण काय बोलणार! साफसफाई हा अक्कांचा प्राण आहे. अर्धवट उघडा खण, शर्टाचा सुटलेला दोरा, कडेला आलेली कपबशी, काही म्हणून त्यांना बघवत नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या बाहीचा लोंबता दोरा त्यांनी तो बोलत असतानाच कातरून टाकला होता. ‘मोकळं टोक दिसलं की मला चैन पडत नाही,’ त्या म्हणाल्या. तो बिचारा ओशाळून हसला. मीही तेव्हा मनात हसलो होतो.

आणि मग बँडमास्तर. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. अक्कांचे हात टाइप करण्यात गुंतलेले असतात म्हणून फोन स्पीकरवर असतो, त्यातून मी त्यांना ओळखतो. उभं आयुष्य बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवली, वरातींच्या पुढे मैलोन्‌मैल चालले, आणि आता दोन वाक्यं बोलली की छाती भात्यासारखी वर-खाली होते. घरात ते आणि त्यांची मुलगी, दुसरं कुणी नाही. फोन मुलगी करते, पण मास्तर तिच्या हातातून तो काढून घेतल्याशिवाय राहत नाहीत.

‘अक्का... मागच्या वेळची हवा... जरा बेसूर होती हो.’

‘मग काय करू मास्तर, सूर लावून पाठवू?’

‘पैलवानाला म्हणावं... सिलिंडर आपटू नकोस... ताल चुकतो.’

अक्का हसत हसत मागणी टाकायच्या. मी ती सगळ्यात आधी खाली पोचवायचो. म्हणजे, आधी-नंतर करणं माझ्या हातात नसतं, येईल तसं पुढे द्यायचं हा माझा धर्म. पण मनातल्या मनात मी ती सगळ्यात आधी पोचवायचो.

फोन वाजला. अक्का फडकं खुर्चीवर टाकून बसल्या. बरं झालं. कुणीतरी लहान सिलिंडरची चौकशी करतंय. बोला हो, भरपूर बोला, भाव विचारा, पत्ता दोनदा सांगा. मला त्या दिवसाचं सांगायचंय.

त्या दिवशी सकाळपासून सगळं ठीक होतं. दुपारी अक्कांनी फडकं घेतलं, मला पुसलं, आणि माझ्या खाली वेटोळ्यातून सुटून जमिनीवर आलेलं पिवळ्या वायरचं टोक त्यांना दिसलं. ‘अगं बाई, हे निसटलं वाटतं,’ असं म्हणून त्यांनी ते उचललं, फडक्याने पुसलं, माझ्या एका रिकाम्या खाचेशी धरून बघितलं. बरोबर बसलं. टक्‌ असा आवाज झाला. अक्कांना समाधान वाटलं. त्या क्षणापासून मला वेड लागलं.

नेमकं काय झालं ते सोप्या भाषेत सांगतो. कॉम्प्युटर अधूनमधून सगळ्यांना उद्देशून हाळी देतात, ‘गोदामवाले, कुठे आहात?’ माझं काम हे की अशी हाळी आली की ती सगळ्या दारांतून, म्हणजे खाचांतून, बाहेर ओरडायची. आता पिवळ्या वायरची दोन्ही टोकं माझ्यातच होती. मी एका दाराने ओरडलो, ती हाळी वायरमधून फिरून दुसऱ्या दाराने माझ्याकडेच आली. मला वाटलं, नवी हाळी आली. मी पुन्हा ओरडलो. ती पुन्हा आली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या कितीतरी. माझंच ओरडणं माझ्याच कानांत, पुन्हा पुन्हा, श्वास घ्यायलाही उसंत नाही. त्या गदारोळात कुणाची खरी मागणी आली तरी ती पुढे सरकायला जागाच उरली नाही.

आणि तेवढ्यात बँडमास्तरांच्या मुलीचा फोन आला. एक मोठा हवाय, लवकर हवाय, शेवटचा सिलिंडर संपत आलाय. अक्कांनी मागणी टाकली, बटण दाबलं. अक्कांच्या कॉम्प्युटरातल्या मागण्यांच्या प्रोग्रॅमला नाही म्हणायची सवयच नाही. वाट बंद दिसली तर तो मागणी स्वतःच्या पोटात ठेवतो, वाट मोकळी झाली की पुढे देऊ म्हणतो, आणि तोवर बिनदिक्कत हिरवं दाखवतो. पाठवले.

‘निघालंय गं,’ अक्का म्हणाल्या.

नाही हो, निघालेलं नाही! मी जिवाच्या आकांताने लुकलुकत होतो. माझे सगळे दिवे एकदम, थांबल्याशिवाय, वेड्यासारखे लागत-विझत होते. मला वाटलं, आता तरी कुणी बघेल. मालक पाण्याची बाटली घ्यायला बाहेर आले आणि त्यांनी बघितलं.

‘अक्का, आज बघ कसा पळतोय तुझा लुकलुक्या,’ ते म्हणाले. ‘पैसे वसूल.’

अक्कांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगाची लाही लाही होत होती आणि ती दोघं खूश होती. माणसांना दिवा लागला की सगळं ठीक आहे असं वाटतं, जोरात लागला की फारच ठीक आहे असं वाटतं. यात त्यांचा दोष तरी काय म्हणायचा?

खाली गोदामात पैलवानाच्या पडद्यावर सकाळचीच यादी होती, सगळ्यावर फुली मारलेली. तो गाडी धुवायला बसला.

मुलीचा पुन्हा फोन आला. ‘अक्का, अजून आले नाहीत हो पैलवान.’

‘येतच असेल गं. वाटेत गर्दी असेल. केव्हाच निघालंय.’

मुलीने फोन ठेवला. तिने विश्वास ठेवला, म्हणून दुसरीकडे कुठे फोन केला नाही. अक्कांचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ होती. मी अक्का आणि पैलवान यांच्या मधे होतो, मला दोन्ही बाजूंचं माहीत होतं, आणि तोंडातून माझ्याच हाळ्यांखेरीज काही निघत नव्हतं. इतकं असहाय मी कधी झालो नव्हतो. कुणीतरी ठेच लागून पडावं आणि त्याच्या पायात अडकून माझी वायर निघावी, अशी प्रार्थना मी केली. लाज वाटते सांगायला, पण अक्काच पडाव्यात असंही मनात आलं.

तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा पलीकडून कुणी बोललं नाही. फक्त श्वासाचा आवाज, ओढलेला, तुटणारा, मधेच थांबणारा. मास्तरांनी स्वतः फोन लावला होता. मुलगी बहुतेक रस्त्यावर गाडीची वाट बघत उभी असावी.

‘मास्तर? मास्तर, बोला ना काहीतरी,’ अक्का म्हणाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या उठल्या आणि गॅलरीत न जाता थेट जिन्याकडे धावल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरताना त्यांचं कण्हणं मला ऐकू येत होतं. मग अंगणातून पैलवानाचा आवाज आला, ‘कसली मागणी अक्का? सकाळनंतर तर काहीच नाही.’

पुढचं मी ऐकलेलं सांगतो. पैलवानाने ओली गाडी तशीच काढली. तो पोचला तेव्हा मास्तर निळे पडले होते. सिलिंडर लावला, तिथून हॉस्पिटलात नेलं. मास्तर वाचले. पुष्कळ दिवस ते तिथे होते आणि मुलगी कामावरच्या सगळ्या रजा खर्चून त्यांच्या उशाशी बसून होती.

इकडे मालकांनी गोदामातला तो शिळा पडदा पाहिला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तरातरा वर आले आणि माझ्या सगळ्या वायरी मुठीत धरून एकदम उपटल्या. निळी, राखाडी, काळी, आणि पिवळीची दोन्ही टोकं. ‘भंगार कुठला! माणूस मेला असता,’ ते ओरडले. पिवळीची टोकं निघाली तशी माझी हाळी थांबली. कितीतरी वेळाने मला शांतता मिळाली, आणि त्या शांततेत मला कळलं की आता काय झालं होतं ते कुणालाच कधी कळणार नाही. पुरावा मालकांच्या मुठीत होता आणि त्यांनी तो कोपऱ्यात फेकला होता.

नेटवर्कवाला आला. मला हातात घेतलं. मी अजून गरम होतो.

‘गरम झालाय बघा. आतून जळला असणार,’ तो म्हणाला. ‘बदलून टाकू.’ त्याने मला साधी वीज देऊन बघितली असती तरी माझे दिवे लागले असते. पण त्याचा फोन वाजत होता.

नवा डबा माझाच सख्खा धाकटा भाऊ आहे. त्याच दुकानातला, त्याच फळीवरचा, तेवढ्याच अकलेचा. नेटवर्कवाल्याने निळी, राखाडी, काळी वायर लावली. पिवळीचं एक टोक लावलं आणि दुसरं पुन्हा वेटोळं करून खाली सोडलं. पुढे टेबल वाढलं तर म्हणून. सगळं सुरू झालं, हिरवं दिसलं, तो गेला.

मालक मला कचऱ्यात टाकणार होते. अक्कांनी टाकू दिलं नाही. ‘राहू दे रे. बिचाऱ्याने खूप काम केलंय,’ त्या म्हणाल्या, आणि मला पुसून या पिशवीत ठेवलं. त्या दिवशी त्या माझ्यासमोर रडल्या. ‘मी निघालंय म्हटलं, आणि ते निघालंच नव्हतं,’ असं पुटपुटत होत्या. मला त्यांना सांगायचं होतं की रडू नका, फक्त ते पिवळं टोक कापून टाका.

काही दिवस अक्का सावध होत्या. मागणी टाकली तरी गॅलरीत जाऊन पैलवानाला विचारायच्या, ‘आली का रे?’ तो म्हणायचा, ‘आली अक्का.’ दर वेळी आलेलीच असायची. हळूहळू त्यांचं जाणं कमी झालं, मग गुडघ्यांनी तक्रार केली, मग बंदच झालं. माणसाला भीती फार दिवस बाळगता येत नाही, आणि रोज सगळं सुरळीत चालू असेल तर तो ती बाळगेल तरी कशाला?

फोन संपला. अक्कांनी फडकं उचललं.

आज मालक नाहीत. रिकामे सिलिंडर भरून आणायला लांबच्या कारखान्यात गेलेत, संध्याकाळी उशिरा येतील. मागची खोली रिकामी आहे. अक्का खुर्चीचे हात पुसतायत. आता टेबलाचा वरचा भाग. आता कॉम्प्युटरच्या मागे. अक्का, तिकडे कोळ्याचं जाळं आहे बघा, वर, कोपऱ्यात. वर बघा ना.

त्या खाली वाकल्या.

‘हे परत निसटलं का?’ त्या स्वतःशीच म्हणाल्या. ‘कसलं काम करतो हा माणूस!’

अक्का, नको. ते निसटलेलं नाही. तुमच्या हातात जे आहे ते खाली ठेवा. अक्का, मी तुमचा लुकलुक्या, तुम्ही मला रोज पुसलंय, एकदा माझं ऐका. ती वायर पुसू नका. तिला वळवू नका. ती खाच रिकामीच राहू दे, तिथे काही बसवायचं नसतं.

टक्‌.

माझ्या भावाचे सगळे दिवे एकदम पेटले. मला वीज नाही, तरी त्याची किंकाळी ऐकू येतेय. अक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्याच्याकडे बघून हसल्या आणि फडकं झटकायला गॅलरीत गेल्या.

फोन वाजतोय. अक्का लगबगीने आत आल्या. स्पीकर लावला.

‘अक्का, मी बोलतेय, बँडमास्तरांची मुलगी. एक मोठा सांगा ना. शेवटचा लावलाय आत्ताच, चार-पाच तास जाईल.’

‘टाकते हो. मास्तर कसे आहेत?’

‘झोपलेत. जरा बरे आहेत आज. अक्का, मला कामावर जावंच लागणार आहे, रजा एकही उरलेली नाही. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. किल्ली शेजारी दिलीय, पैलवानांना माहितीय. त्यांना सांगा, आवाज न करता आत जा आणि नवा लावून ठेवा. रात्री येईन मी. काही लागलं तर...’

अक्कांची दोन बोटं चालतायत. नाव. पत्ता. मोठा. त्यांनी बटण दाबलं. हिरवी अक्षरं आली.

‘झालं बघ,’ अक्का म्हणाल्या. ‘निघालंसुद्धा. तू निश्चिंत जा गं.’

तिने फोन ठेवला. आता ती पुन्हा फोन करणार नाही. विचारणारं कुणीच नाही. मास्तर उठतील तेव्हा सिलिंडरवरचा काटा खाली आलेला असेल आणि हाताशी नवा सिलिंडर नसेल.

खाली पैलवानाने गोदामाच्या दाराला कडी घातली. पडदा रिकामा आहे, तेव्हा पोटात दोन घास ढकलून जरा आडवा होऊ, असं म्हणाला असेल. त्याच्या चपला अंगणातून लांब लांब जातायत.

अहो, तुम्ही. तुम्हाला ऐकू जातंय ना? मला हात नाहीत, तुम्हाला आहेत. काही दुरुस्त करायचं नाहीये, कशातलं काही कळायची गरज नाही. जिना चढून वर या, अक्कांना बाजूला व्हायला सांगा, टेबलाखाली वाका आणि पिवळी वायर ओढा. एकच टोक, कुठलंही. पण आत्ता या हो, मास्तर एकटे आहेत.